बाई आणि बर्फाची लादी

"टाच मागे!" असं म्हणत बाई समोरच्या पोराचा पाय बुटासकट उचलायच्या आणि बुटाची टाच जमिनीवर ठाणकन आपटायच्या. पाय त्या पोराचा असला तरी बाईंच्या लेखी त्या घटकेला तो सरकारी मालमत्ता असे. मग अंगठ्याने बुटाचं टोक दाबत पुढचा प्रश्न यायचा, "बोटं कुठे टेकली?" ह्या प्रश्नाला "माहीत नाही" हे उत्तर चालत नसे. असं म्हणणाऱ्याचा बूट काढला जाई आणि सगळं पहिल्यापासून सुरू होई.

दुसऱ्याच्या पायाशी उकिडवं बसून हुकूम सोडणारी माणसं तुम्ही फारशी पाहिली नसतील. मी ही एकच पाहिली. बाई सिल्वासाच्या एका सरकारी शाळेत खेळ शिकवायच्या आणि संध्याकाळी मैदानाच्या टोकाच्या सिमेंटच्या रिंकवर चाकांच्या बुटांवरची हॉकी. मूळच्या दापोलीकडच्या. आवाज असा, की वाऱ्याच्या उलट दिशेला उभ्या असलेल्या माणसालाही तो टाळता येत नसे. शाळेतल्या पोरांपैकी निम्म्यांची घरची भाषा मराठी नव्हती, पण "टाच मागे" सगळ्यांना कळायचं.

मी नरोलीच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो. कारखान्यातले साचे, कटर, पाती जिथे दुरुस्त होतात आणि जिथे त्यांना धार लागते, ती खोली म्हणजे टूलरूम. बाईंची आणि माझी ओळख माझ्या मुलामुळे झाली. त्याला चाकांचे बूट हवे होते. मी वापीला जाऊन ते घेतले, अर्थातच एक नंबर मोठे, आणि त्याला घेऊन ऐटीत रिंकवर गेलो. बाईंनी त्याच्या टाचेमागे बुटात बोट घातलं. ते आरामात आत गेलं.

"हे काय?"

"वाढता पाय आहे, बाई," मी म्हणालो.

"वाढू दे की. पण आज केवढा आहे?"

मी बुटाच्या खोक्यावरचा नंबर शोधायला लागलो.

"इथे माझं बोट जातंय, म्हणजे टाच उचलली जाणार. टाच उचलली, की पोर एकीकडे जातं आणि बूट दुसरीकडे. पुढच्या वर्षी खेळणार असेल तर पुढच्या वर्षी आणा." एवढं बोलून त्या पुढच्या पायाकडे वळल्या. मी काय काम करतो ते मधेच त्यांनी विचारून घेतलं होतं, आणि त्या दिवसापासून माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कायमचा "टूलरूम" झालो. मुलाने वर्षभरात हॉकी सोडली, मी मात्र अडकलो तो अडकलोच. रिंकवरच्या बुटांची चाकं, बेअरिंगं, वाकलेले स्क्रू, सगळं माझ्याकडे यायला लागलं.

आता तुम्हीही आपापल्या घरात आठवून बघा. आपल्याकडे मुलाचं सगळंच एक माप मोठं असतं. गणवेशाची पट्टी आत दुमडलेली, दप्तर कमरेखाली लोंबणारं, बुटाच्या टोकात कापूस. खानदेशातून इथे नोकरीला आलेले असोत, नाहीतर कोकणातले, ह्या बाबतीत सगळे सारखे. बाई तो कापूस उपसून काढायच्या. एकदा एका बुटातून अख्खा मोजा निघाला, तेव्हा त्यांनी तो हात उंच करून सगळ्या पालकांना दाखवला. पालक हसले, पण दुसऱ्या दिवशी तीनचार जण गुपचूप बूट बदलायला वापीला गेले.

बाईंचे स्वतःचे बूट हा वेगळाच विषय होता. त्यांचे पाय चांगलेच रुंद, आणि उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. म्हणून दोन्ही बुटांना करंगळीपाशी ब्लेडने कापून खिडक्या केलेल्या. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "जगाच्या पायांची मापं घेता आणि स्वतः खिडक्यांतून हवा खाता?"

"अहो, आम्ही पाच बहिणी," त्या म्हणाल्या. "मोठीचे बूट खाली खाली यायचे. माझ्यापर्यंत येईतो ते कोणाच्याच मापाचे उरायचे नाहीत. माझ्या पायाचं माप आजवर कोणी घेतलं नाही, टूलरूम. आता घेऊन काय करायचंय?" आणि लगेच पलीकडे ओरडल्या, "ए, नाडी वरून आवळ, खालून नको!"

त्यांच्या हाताखाली दीपाली नावाची मुलगी होती. शहाद्याकडचं कुटुंब. वडील नरोलीला धाग्याच्या कारखान्यात मशिनवर, भाड्याच्या एका खोलीत चौघं जण. पोरगी अंगाने काडी, पण चेंडू घेऊन वळायला लागली की समोरची पोरं नुसती बघत राहायची. चाकांवर खेळणाऱ्यांमधूनच बर्फावरच्या हॉकीसाठी मुली निवडतात. हिवाळ्यात डोंगरात त्यांची चाचणी असते, आणि त्या वर्षी दीपालीला बोलावणं आलं. बाईंनी शाळेत पेढे वाटले. बर्फाचं मैदान त्यांनी स्वतः आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं.

बर्फावरचे बूट पाठवले पुण्याच्या एका जुन्या खेळाडूने. बाईंची ती कुठल्याशा शिबिरातली मैत्रीण. बूट वापरलेले, पण दणकट, खाली चाकांच्या जागी पोलादी पातं. दीपालीचे वडील रात्रपाळी करून तसेच आले होते. त्यांनी बुटाचा नंबर बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हे तं लहान होईन ना तिले. मी तिले पाच नंबर घेतो. हे तं चारच हाये."

"बर्फाचा बूट नेहमीच्या बुटापेक्षा नंबरभर लहानच लागतो, दादा. बसा. दीपाली, टाच मागे!"

मग बाईंनी त्यांना सगळं करून दाखवलं. पोरगी ताठ उभी राहिली की बोटं बुटाच्या टोकाला जेमतेम शिवली पाहिजेत. गुडघ्यात वाकली की ती जराशी मागे आली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. नाड्या सैल करून, बुटाच्या जिभेच्या वर, नाड्यांच्या भोकांवरून त्यांनी पेन्सिल आडवी ठेवली. पेन्सिल मोकळी राहिली, पायाला टेकली नाही. म्हणजे पाय बुटात पुरेसा खोल बसला होता. वडिलांनी वाकून पेन्सिलीखालून डोळा लावला आणि बराच वेळ बघितलं. रात्रभर मशिनवर धागा बघणारा माणूस, त्याला बारीक फट लगेच दिसते.

"बरं," ते म्हणाले. "पन मी काय सांगून राहिलो बाई, एकदा जाऊ देतो. तिकडं उभं राहता नाही आलं, हसं झालं, तं मंग खेळ बंद. पुढल्या साली दहावी हाये तिची. मंग मले कोनी काही सांगायचं नाही."

दीपालीने बाईंकडे बघितलं. बाईंनी तिच्या वडिलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कबूल." त्यांच्या जागी मी असतो तर आधी थोडा विचार केला असता.

पाती बोथट होती. बाई कापडी पिशवीतून बूट घेऊन थेट आमच्या कारखान्याच्या गेटवर आल्या. साहेबांची परवानगी मी काढली होती. आमच्याकडे प्रकाश नावाचा ग्राइंडर आहे, चाळीसगावचा. दगडी चाकावर कुठल्याही पोलादाला धार लावून देईल, आणि लावल्यावर चारचौघांना बोलावून दाखवील. त्याने पातं हातात घेऊन विचारलं, "बाई, बर्फच कापायचाय ना?"

"मग! बर्फ कापल्याशिवाय पोरगी पुढे जाणार कशी? कागद चिरला पाहिजे, अशी लाव."

सांगा, कुणाला हे चुकीचं वाटलं असतं? धार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे विळी येते, कोयता येतो. दोन्ही बाजूंनी निमुळतं होत गेलेलं पातं आणि मधोमध एकच धार. पात्याच्या तळाला गंज आणि जुन्या चिकटपट्टीचा राप होता, त्यामुळे खाली काय आहे ते कोणी निरखून पाहिलंही नाही. प्रकाशने डाव्या बुटाचं पातं तासाभरात असं केलं, की त्याने वर्तमानपत्राचा कागद उभा चिरून दाखवला. टाळ्या पडल्या. उजवा बूट दुपारनंतर होणार होता, पण बाईंना धीर कुठला?

"उजवा उद्या. आधी एक पाय तर बघू."

"कशावर बघणार?" मी विचारलं. सिल्वासात बर्फ मिळतो तो सरबताच्या गाडीवर.

"अथालच्या रस्त्याला कारखाना नाही का?" बाई म्हणाल्या.

तो होता. दुधनीला मधुबन धरणाच्या पाण्यात मासेमारी चालते, ती मासळी टिकवायला तिथून बर्फ जातो. मोठाल्या लाद्या, हमाल लोखंडी आकड्याने ओढत टेम्पोत चढवतात. शेठ गुजराती, माणूस बरा, पण बाईंचं म्हणणं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"बेन, आ बरफ माछली माटे छे. छोकरी माटे नथी."

"शेठ, आजच्या दिवस छोकरीसाठी," बाई म्हणाल्या, आणि लाद्या कुठे मांडायच्या ते हमालांना सांगायलाही लागल्या.

गोणपाटावर लाकडाचा भुसा टाकून त्यावर लाद्या एकमेकींना चिकटवून मांडल्या. फटींत पाणी ओतलं. एखाद्या बसक्या ओट्याएवढी जागा झाली. दीपाली डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड बांधून आली. बरोबर वडील होते.

तिने डावा पाय ठेवला. सुरी खरवसात जावी तसं पातं बर्फात गेलं आणि तिथेच राहिलं. तिने पाय ओढून काढला, तर घोटाच आडवा झाला आणि पोरगी बर्फावर बसली. पुन्हा उठली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बसली तेव्हा तिने वर बघितलंच नाही.

"झालं का बाई?" वडील एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

बाई पुढे झाल्या. "चूक झाली. चूक माझी. आता कुठे झाली ते बघू." हे वाक्य त्या पोरांनाही असंच म्हणायला लावायच्या, ह्याच क्रमाने. त्यांनी दीपालीचे दोन्ही बूट काढून घेतले, भुशावर फतकल मारून बसल्या, पदराने पाती पुसली आणि एकेका पात्याच्या तळावरून आडवं नख फिरवलं. डाव्यावर फिरवलं, मग उजव्यावर. मग पुन्हा उजव्यावर.

"टूलरूम! इकडे या. ह्यात पन्हळ आहे!"

मी नख फिरवलं. खरोखरच होती. उजव्या पात्याच्या तळाला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कौलांच्या घराला असते तशी बारीक पन्हळ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. म्हणजे धार एक नव्हतीच. आतली एक आणि बाहेरची एक, अशा दोन होत्या. आणि आम्ही डाव्याच्या दोन्ही कडा घासून त्यांचा कोयता केला होता.

बाईंनी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मैत्रीण आधी पोट धरून हसली. मग तिने सांगितलं, की खेळाडू कधी आतल्या कडेवर रेलतो, कधी बाहेरच्या, आणि थांबायचं झालं की पातं आडवं करून बर्फ खरवडतो. एकाच धारेवर ना रेलता येतं, ना थांबता येतं. पन्हळ खोल असली की पकड जास्त, उथळ असली की घसरण सोपी. मुलगी हलकी असेल तर जरा खोलच ठेवा, कारण वजन कमी, तिचं पातं बर्फाला आपोआप धरत नाही.

बाईंनी फोन ठेवला आणि वडिलांपुढे उभ्या राहिल्या. "दादा, पोरीचं काही चुकलेलं नाही. धार आम्ही चुकीची लावली. मला रविवारपर्यंत द्या."

वडील ओल्या भुशाकडे बघत राहिले. "रविवारी माझी सुट्टी हाये," ते म्हणाले. त्याला होकार म्हणायचं असं मी ठरवलं.

मग प्रकाशचं आणि बाईंचं जे काही चाललं ते बघण्यासारखं होतं. प्रकाशला कागद चिरल्याची भारी शरम वाटत होती. बाई म्हणाल्या, "शरम नंतर. चाक गोल कर." त्याने हिऱ्याचं टोक फिरवून दगडी चाकाच्या कडेला गोलाई दिली, पन्हळीत बसेल अशी. डाव्याची धार घासून पातं आधी सपाट केलं. त्यात त्याची उंची थोडी कमी झाली, म्हणून उजवंही तेवढंच उतरवलं, नाहीतर पोरगी बर्फावर लंगडली असती. मग लांबीच्या दिशेने हलक्या हाताने चाक फिरवलं. जोर दिला तर पोलाद तापून निळं पडतं, त्यामुळे थांबत थांबत. पातं टोकापासून टाचेपर्यंत किंचित गोल असतं, ती गोलाई हाताने धरून ठेवायची होती. शेवटी तेलाच्या दगडाने दोन्ही कडांवर राहिलेली पोलादाची बारीक कूस काढली. कडा एका पातळीत आहेत का हे बघायला प्रकाशने काटकोन मापायचा गुण्या लावला. बाईंचा गुण्यावर विश्वास नव्हता. त्यांनी पात्यावर रुपया आडवा ठेवला आणि एक डोळा मिटून बघितलं. रुपया सरळ बसला.

रविवारी पुन्हा लाद्या मांडल्या. ह्या वेळी शेठने स्वतः फटींत पाणी ओतलं. बाईंनी दीपालीला बूट चढवले. "टाच मागे!" ठाण्. "बोटं कुठे टेकली?"

"पुढं, बाई. वाकलं की मागं येऊन राहिली."

ती उभी राहिली. डाव्या पायाने बर्फ धरला, उजव्याने धरला. एक ढकल दिली, दुसरी दिली, आणि लाद्या संपायच्या आत दोन्ही पाय आडवे करून थांबली. खर्र असा आवाज झाला आणि बर्फाचा भुगा उडून शेठच्या चपलांवर पडला. शेठ "वाह!" म्हणाला. वडिलांनी वाकून तो भुगा चिमटीत उचलला, बोटांत चोळला, विरघळेपर्यंत धरून ठेवला.

"गाडी कवाची हाये?" त्यांनी विचारलं.

बाईही बरोबर जाणार होत्या. लोकरी टोपी घेऊन झाली होती, रिंकवर ती घालूनही दाखवली होती. आणि त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. आमचा प्रदेश दमण आणि दीवला जोडल्यापासून इथल्या सरकारी माणसाची बदली समुद्र ओलांडूनही होते. बाईंना दीव मिळालं, आणि लगेच हजर व्हायचं होतं. दीपाली मुंबईच्या मुलींबरोबर गेली.

"माझं काय अडलंय तिथे?" बाई म्हणाल्या. "पाय तिचे आहेत." हे म्हणताना त्या आधीच आवळलेली एका पोराची नाडी पुन्हा सोडून आवळत होत्या. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने बर्फासाठी एवढं रान उठवलं, तिला तो नुसता बघायलाही मिळू नये, ह्याचा रागही आला. मी तसं बोललो, तर म्हणाल्या, "टूलरूम, रडका चेहरा करू नका. तुम्हाला शोभत नाही."

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला गाडी काढायला लावली. शेठला पेढे द्यायचे होते. आम्ही पोचलो तेव्हा दुधनीचा टेम्पो लागलेला होता आणि लाद्या बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. बाई पेढ्यांचा पुडा सोडत होत्या तेवढ्यात फोन वाजला. दीपाली होती. बाईंनी फोन कानाला न लावता समोर धरला.

"बाई, मी उभी राहिले! थांबले बी!"

"बोटं कुठे टेकली?"

"पुढं. वाकलं की मागं."

"टाच?"

"नाही हलली."

"मग ठीक. ओले मोजे घालून बसू नकोस."

"बाई," पलीकडून आवाज आला, "घेतलं मले. निवडलं. बाबांले सांगितलं, ते म्हने, बाईंले सांग."

फोन बंद झाल्यावर बाईंनी पुडा माझ्या हातात दिला, पायरीवर बसल्या आणि आपल्या खिडक्यावाल्या बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, आणि समोरच्या लादीवर चढून अनवाणी उभ्या राहिल्या.

"बेन! पग बळशे!" पाय भाजतील म्हणून शेठ ओरडला.

"बघू तरी दे, काय असतं ते."

त्यांनी गुडघे जरासे वाकवले, पोरांना वाकायला लावायच्या तसे. हात बाजूंना धरले. ओठ दाबून समोर बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. पाणी कशाचं, हे विचारायची आमची दोघांचीही छाती झाली नाही.

"गार आहे हो, टूलरूम," त्या शेवटी म्हणाल्या, आणि उतरल्या. पाय लालबुंद झाले होते. त्यांनी मोजे चढवले, बूट चढवले, आणि कोणी सांगितलं नसताना दोन्ही टाचा जमिनीवर ठाण् ठाण् आपटल्या.

आता त्या दीवला आहेत. इथल्या रिंकवर नव्या सरांची पोरं अजून खेळतात, आणि त्यांच्या बुटांत पुन्हा कापूस दिसायला लागला आहे. मी जाता येता तो उपसून काढतो.

पण मला ती सकाळ आठवते. हमालाने आकडा लावून लादी ओढली, तेव्हा मी वाकून बघितलं. बर्फात दोन पावलं उमटली होती. टाच, रुंद चवडा, बोटं, आणि उजवीकडे शेजारणीवर चढून बसलेली करंगळीसुद्धा. बाईंच्या पायाचं माप आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी नीट घेतलं होतं, आणि ते टेम्पोत चढून दुधनीच्या मासळीसाठी निघालं होतं.